बुटकी मोटार आणि काळ्या मातीचा रस्ता

सोलापूर आणि मोटार यांचे नाते पुष्कळांना ठाऊक असते, पण ते एका वाक्यापुरतेच. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला, त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून कंपनीची पहिली वाहने बाहेर पडली, इतके सांगून सभेतले वक्ते खाली बसतात. या मोटारीच्या आधी एक रेल्वे होती, तिचा उल्लेख सहसा होत नाही. घरचा कापसाचा आणि सावकारीचा धंदा सोडून वालचंदांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत जी आरंभीची कंत्राटे घेतली, त्यांत बार्शी लाइट रेल्वेचे काम होते. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याची ही अडीच फूट रुंदीची रेल्वे १८९७ साली सुरू झाली. हलक्या रुळांवरून आणि कच्च्या जमिनीवरून भरपूर माल न्यायचा, तर एकाही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये, असा तिचा नियम होता. बोजा सर्व चाकांवर सारखा वाटला की दुबळा मार्गही तो पेलतो, ही समज सोलापूर जिल्ह्याच्या मातीत तेव्हाच रुजलेली होती.

सोलापूरच्या रस्त्यांविषयी बोलताना मातीपासूनच सुरुवात करावी लागते. इथली काळी कापसाची जमीन पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात सुकून तिला भेगा पडतात. वर डांबर घातले म्हणून तिचा स्वभाव बदलत नाही. एक-दोन पावसाळ्यांनंतर सपाट केलेला रस्ता मंद लाटांसारखा वरखाली होऊ लागतो. त्यात उसाचा हंगाम. आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज दुप्पट न होता सुमारे सोळापट होते, हा निष्कर्ष अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्त्यांच्या मोठ्या चाचणीतून निघाला. उसाने ओसंडणाऱ्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ज्यांनी कारखान्याच्या वाटेवर पाहिला आहे, त्यांना हे गणित वेगळे समजावून सांगायला नको.

या जमिनीवर प्रीमियरची फियाट दीर्घकाळ निभावली. वालचंद शेठ १९५३ च्या एप्रिलमध्ये गेले. फियाट ११०० भारतात येऊ लागली ती त्यानंतर, १९५४ पासून. तीच पुढे पद्मिनी या नावाने घरोघरी पोचली आणि मुंबईच्या रस्त्यांवर काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. तिच्या अंगात नवलाचे काही नव्हते. पुढच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र गुंडाळी स्प्रिंग आणि वर-खाली दोन हात होते, तर मागे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आस होता आणि तो पोलादी पट्ट्यांच्या कमानपाट्यांवर बसवलेला होता. पाट्यांची ही युक्ती टांग्याइतकी जुनी. पण चाकाला वरखाली हलायला जागा भरपूर होती, टायरची भिंत उंच होती आणि एखादा पाटा मोडला तर तो कोणत्याही तालुक्याच्या गावी दुपारपर्यंत बदलून मिळत असे. सोलापूरच्या पेठांमधल्या कितीतरी कुटुंबांनी कुंथलगिरीची यात्रा, लग्नाचा बस्ता आणि वसुलीचे दौरे याच गाडीत केले.

आता तिसरी पिढी दुकानात बसू लागली आहे आणि तिला पाटे नको आहेत. टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कुटुंबात दोन वर्षांपूर्वी जो प्रश्न उभा राहिला, तो त्यामुळे थोडासा सर्वांचाच आहे. पुतण्याने निर्यातीचे काम नव्याने सुरू केले तेव्हा घरातल्या कर्त्या काकांनी सर्वांसमक्ष शब्द दिला होता की पहिल्या वर्षाचा निव्वळ नफा त्याचा, त्याचे काय करायचे ते त्याने ठरवावे. वर्ष चांगले गेले. ताळेबंद झाला आणि पुतण्याने सांगितले, "काका, पुण्याला एक स्पोर्ट्स कार पाहून ठेवली आहे. जुनी आहे, पण चांगली सांभाळलेली." ती दोन आसनांची, युरोपात बनलेली आणि जमिनीपासून जेमतेम १२० मिलिमीटर उंच होती. काकूंनी छायाचित्र पाहून विचारले, "हिच्यात बसायचे कसे, निजून?"

काकांना हे खूळ वाटले, हे उघड होते. पण दिलेला शब्द मागे घेणे त्यांना शक्य नव्हते आणि नफ्याचा पैसा दर महिन्याला गाडीच्या पोटात घालवणेही मान्य नव्हते. व्यापारी माणूस अशा वेळी वाद घालत नाही, माप काढतो. पुढच्या रविवारी सकाळी सहाला ते दुकानातला लोखंडी गज, एक फूटपट्टी आणि जुनी वही घेऊन स्कूटरवरून निघाले आणि घरापासून कारखान्यापर्यंतचा प्रत्येक गतिरोधक मोजून आले. गज उंचवट्यावर आडवा धरायचा, टोकाशी खाली किती अंतर उरते ते पट्टीने पाहायचे, पावलांनी रुंदी मोजायची. येणारे-जाणारे थांबून विचारत, "शेठजी, रस्त्याचे काम घेतले काय?"

वहीतल्या आकड्यांचा अर्थ लागायचा तर गतिरोधक मुळात कसा असावा ते पाहिले पाहिजे. भारतीय रोड काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तो १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असावा, रुंदी ३.७ मीटर आणि मधली उंची फक्त १० सेंटिमीटर, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने त्यावरून सुखाने जाता येते. यातली खरी मेख उंचीपेक्षा रुंदीत आहे. मोटारीच्या पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर साधारण अडीच मीटर. उंचवटा ३.७ मीटर रुंद असला तर गाडी मध्यावर असताना चारही चाके त्याच्याच अंगावर असतात आणि गाडीसुद्धा त्याच्याबरोबर वर उचलली जाते. दोन चाकांमध्ये उंचवट्याचा जो फुगवटा उरतो तो हिशेबाने भरतो जेमतेम ४६ मिलिमीटर. १२० मिलिमीटरची बुटकी गाडीही त्यावरून अंग चोरून सहज निघून जाईल.

आपल्या गल्लीतला गतिरोधक मात्र बहुधा एका रात्रीत तयार होतो. रुंदी दोन पावले, उंची वीतभर. त्यावर पुढची चाके उतरून सपाट जमिनीवर आलेली असतात, मागची चाके अजून चढलेली नसतात आणि सगळा उंचवटा गाडीच्या पोटाखाली येतो. उंचवटा १५० मिलिमीटर आणि गाडी १२० मिलिमीटर. बाकी वजा ३०. शिवाय चाके धाडकन उतरताना पुढची स्प्रिंग दबते आणि नाक आणखी खाली जाते. गाडी तिरकी घालून एकेक चाक चढवण्याची युक्ती ड्रायव्हर लोक करतात, तिचा उपयोगही होतो, पण त्यासाठी रस्ता रुंद हवा आणि समोरून रिक्षा येता कामा नये. काकांच्या वहीत अकरा गतिरोधक होते. त्यांपैकी सात वजा बाकीचे निघाले आणि त्यांतले पाच घराच्या पहिल्या अर्ध्या किलोमीटरातच होते.

पुतण्याने आकडे नाकारले नाहीत. त्याचे म्हणणे वेगळे होते. तो म्हणाला, "काका, उंची हा एक भाग झाला. गाडी रस्त्यावर कशी चालते ते स्प्रिंगवर आणि शॉकअपवर आहे." आणि हे त्याचे बरोबर होते.

शॉकअप हे नावच फसवे आहे. धक्का गिळते ती स्प्रिंग. चाक उंचवट्यावर चढले की ती दबते आणि धक्क्याची ऊर्जा आपल्यात साठवून घेते. पण स्प्रिंग ही प्रामाणिक ऋणको आहे, घेतलेले सगळे परत करते आणि परत करताना गाडीला वर उडवते, मग पुन्हा घेते, पुन्हा देते. ही देवघेव थांबवून ऊर्जा कायमची खर्ची टाकणे हे शॉकअपचे काम. त्याच्या नळकांड्यात तेल असते आणि दट्ट्याला बारीक छिद्रे. दट्ट्या हलला की तेलाला त्या छिद्रांतून रेटून जावे लागते, ते तापते आणि ती उष्णता वाऱ्यावर जाते. शॉकअप मेलेली गाडी खड्डा ओलांडल्यावरही चार वेळा डोलते, ती याचमुळे.

घरगुती मोटारीचे अंग स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा झुलते. हा झोका शरीराला मानवतो. उभी कंपने सेकंदाला चार ते आठ या टापूत गेली की पोट आणि पाठ तक्रार करू लागतात. स्पोर्ट्स मोटारीची स्प्रिंग ताठ ठेवतात, तिचा झोका दोनच्या घरात जातो. ताठपणा हौसेपोटी नसतो. वेगात वळताना अंग बाहेर कलू नये, ब्रेक दाबताना नाक बुडू नये आणि तळहाताएवढा जो टायरचा भाग रस्त्याला टेकलेला असतो तो नीट सपाट टेकून राहावा, यासाठी तो असतो. गुळगुळीत रस्त्यावर हा हिशेब जमतो. खडबडीत रस्त्यावर तो उलटतो, कारण अति ताठ स्प्रिंग चाकाला खड्ड्याच्या तळापर्यंत उतरूच देत नाही. चाक क्षणभर हवेत राहते आणि हवेतल्या चाकाला ना वळण येते ना ब्रेक. वाईट रस्त्यावर आराम आणि सुरक्षितता एकाच बाजूला असतात, हे ताठ गाडीच्या भक्तांना सहसा पटत नाही.

याला एक सुंदर अपवादही आहे. काळ्या मातीने रस्त्याला ज्या लांब लाटा येतात त्यांतली एक लाट १५ मीटरांची धरली, तर सेकंदाला १.२ वेळा झुलणारी घरगुती गाडी ताशी ६५ किलोमीटरला नेमकी त्या लाटेच्या तालात सापडते आणि मागच्या आसनावरची मुले मळमळू लागतात. दोन वेळा झुलणारी ताठ गाडी त्याच तालात यायला ताशी १०८ किलोमीटर वेग लागतो. म्हणून महामार्गावरच्या अशा पट्ट्यात बुटकी गाडी कित्येकदा अधिक स्थिर चालते. तिचा शत्रू लाट नव्हे, तुटक्या कडांचा खड्डा. पाठीच्या त्रासामुळे काका घरच्या गाडीतूनसुद्धा पुण्याचा प्रवास टाळत असत. त्यांनी हा भाग दोनदा समजावून घेतला.

कडांचा खड्डा आला की टायरची भिंत मोजावी लागते. घरच्या गाडीच्या टायरवर १६५/८० असे लिहिलेले होते, म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर आणि भिंत तिच्या ८० टक्के, १३२ मिलिमीटर. पुतण्याच्या पसंतीच्या गाडीवर मागे २५५/३५ होते. टायर रुंद, पण भिंत ८९ मिलिमीटर. रबर आणि हवा यांची ही गादी म्हणजे धक्क्यापुढची पहिली तिजोरी, आणि ती तिसऱ्या हिश्श्याने कमी. ती संपली की मिश्रधातूची रिंग थेट खड्ड्याच्या कडेवर आपटते. रिंग हलकी असण्याला कारण आहे. स्प्रिंगच्या खालचे वजन जितके कमी तितके चाक रस्त्याच्या चढउताराबरोबर चटकन हलते. पण हलकी रिंग वाकली तर ती ठोकून सरळ करून पुन्हा वेगात वापरणे शहाणपणाचे नसते, ती बदलावी लागते. ओळखीच्या मिस्त्रींनी एवढेच विचारले, "शेठजी, रिंग सोलापुरात मिळेल का?"

जगातल्या कारागिरांनी या कोंडीवर तोडगे काढलेले नाहीत असे नाही. फ्रान्समध्ये १९४८ साली आलेल्या सित्रोएनच्या टूसीव्ही या शेतकऱ्यांच्या गाडीकडून अपेक्षाच अशी होती की नांगरलेल्या शेतातून गेली तरी टोपलीतला नाजूक माल फुटता कामा नये. ती स्पोर्ट्स मोटार नव्हती, पण लांब हालचालीच्या मऊ सस्पेन्शनचा धडा तिने घालून दिला. इंग्लंडच्या लोटस कंपनीने हाच धडा वेगवान गाडीला लावला. गाडी हलकी ठेवायची, स्प्रिंग मऊ आणि शॉकअप कडक, म्हणजे चाक हलेल पण डोलणार नाही. पैसे असले तर चुंबकीय शॉकअपही मिळतात. त्यांच्या तेलात लोहाचे सूक्ष्म कण असतात, विजेने चुंबकत्व निर्माण केले की तेल क्षणार्धात घट्ट होते आणि तेच शॉकअप खड्ड्यात मऊ, वळणावर कडक राहते. काही पोर्शे गाड्यांत बटण दाबले की नाक सुमारे ४० मिलिमीटर वर उचलले जाते. अलीकडच्या गाड्या उपग्रहाच्या साहाय्याने ती जागा लक्षातही ठेवतात आणि पुढच्या वेळी आपणहून नाक उचलतात. सोलापुरातल्या एखाद्या गल्लीत ते नाक खाली यायला सवड मिळेल की नाही, हा प्रश्न वेगळा.

आपल्याकडच्या माणसाने रस्ता ओळखून केलेला प्रयत्न म्हणजे दिलीप छाब्रिया यांची डीसी अवंती. २०१२ च्या दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात ती मांडली गेली. इंजिन मध्यावर, आसने दोन, रूप परदेशी गाडीचे, पण जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर. जाणकारांनी तिच्यात अनेक उणिवा काढल्या, त्या असतीलही. पण १७० हा आकडा इथल्या गल्लीत राहणाऱ्यानेच ठेवला असणार. काकांच्या वहीतल्या सात वजा बाक्यांपैकी सहा त्या आकड्याने अधिक झाल्या असत्या.

पुतण्याला मात्र अवंती नको होती. त्याला तीच गाडी हवी होती आणि शब्दात "कोणती" याची अट नव्हती. आठवडाभर घरात या विषयावर कोणी बोलले नाही. मग एका संध्याकाळी दुकान वाढवताना काकांनी वही पुतण्यासमोर टाकली. शेवटच्या पानावर दुसऱ्याच रस्त्याची मापे होती. पुणे महामार्गाला लागून कुटुंबाचे एक जुने गोदाम आहे, तिथून सेवा रस्त्याने महामार्गावर येईपर्यंत एकच गतिरोधक लागतो आणि तो रुंद, बेताचा, ९० मिलिमीटरचा. "गाडी गोदामात राहील," ते म्हणाले, "घरी आणायची नाही. कारखान्यात तर मुळीच नाही. गोदामापर्यंत तू स्कूटरने जा. आणि टायर, रिंग, शॉकअप यांचा खर्च तुझ्या खात्यातून, पेढीच्या नव्हे."

पुतण्याने क्षणभर विचार केला आणि विचारले, "गोदामाचे भाडे?"

"ते लावणार," काका म्हणाले.

गाडी आली. पेढीच्या वह्यांत तिचे वेगळे खाते उघडले गेले आणि वर्षअखेरीस त्यावर रीतसर घसारा निघतो. पहिल्या पावसाळ्यात एक रिंग वाकली, ती पुण्याहून मागवावी लागली, तेव्हा खात्यावर पडलेला आकडा पाहून पुतण्यानेच मागचे टायर उंच भिंतीचे घेता येतील का याची चौकशी सुरू केली. एक इंच लहान रिंग आणि त्या प्रमाणात उंच भिंत, बाहेरचा व्यास तोच. वळणातली धार किंचित बोथट झाली असे तो सांगतो. रिंग त्यानंतर वाकलेली नाही.

काका त्या गाडीत एकदाच बसले आहेत, टेंभुर्णीपर्यंत. आत शिरायला पुतण्याचा हात धरावा लागला, बाहेर यायला दोन माणसांचा. वाटेत लाटांचा तो पट्टा लागला तेव्हा त्यांनी पाठीमागची उशी काढून मांडीवर घेतली आणि वेगाच्या काट्याकडे पाहत राहिले. परत आल्यावर काकूंनी कसे वाटले ते विचारले, तर ते म्हणाले, "फियाटमध्ये उंच बसायला मिळे." मग थोड्या वेळाने, हात धुताना, "पाठ मात्र दुखली नाही."